पोटासाठी निघालेला प्रवासी : विष्णुभट गोडसे
(द्वितीय वर्ष, कला)

प्रवास ही गोष्ट आजकाल फार सोपी झाली आहे. सुट्टी लागली की पाहण्याच्या स्थळांची यादी करायची, गाडी ठरवायची, एकेका स्थळापुढे उभे राहून मोबाईलवर छायाचित्र काढायचे आणि यादीतले नाव खोडून पुढे निघायचे, असा परिपाठच पडून गेला आहे. घरी परतल्यावर कोणी विचारले तर छायाचित्रे दाखवता येतात. पण त्या गावची माणसे काय खातात, कशाला भितात, कोणत्या गोष्टीवरून भांडतात आणि कोणत्या गोष्टीवर जीव टाकतात, हे सांगता येत नाही. मग प्रवासाने माणूस शहाणा होतो असे जे म्हणतात, ते कोणत्या प्रवासाविषयी? हा प्रश्न मनात आला की मला कोकणातल्या एका गरीब भिक्षुकाची आठवण होते. तो स्थळे पाहायला निघालाच नव्हता. घरावर कर्ज होते, ते फेडायला चार पैसे मिळवावेत एवढ्याच हेतूने तो बाहेर पडला आणि इतिहासाच्या ऐन वणव्यात जाऊन पोहोचला. त्याचे नाव विष्णुभट गोडसे. ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे हे नाव मराठी वाचकांना चांगलेच परिचित आहे.

विष्णुभटांचा जन्म १८२७ साली वरसई या गावी झाला. हे गाव आज रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात मोडते. गावावरूनच त्यांना वरसईकर म्हणत. त्यांच्या जन्माच्या नऊ वर्षे आधी, १८१८ साली, पेशवाई बुडाली होती. पेशव्यांच्या काळी श्रावणात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना मोठी दक्षिणा वाटली जाई आणि भिक्षुकीवर जगणाऱ्या कुटुंबांना तो केवढा तरी आधार असे. राज्य गेले तसा हा आश्रयही आटत गेला. वेदविद्या घोटून तयार झालेला तरुण घरात असावा, पण त्या विद्येला गिऱ्हाईक मात्र उरू नये, अशी त्या काळच्या अनेक घरांची अवस्था झाली होती. गोडसे यांचे घर त्यांपैकीच एक. माणसे पुष्कळ, उत्पन्न थोडे. त्यात लग्नकार्यांचे कर्ज अंगावर. विष्णुभट हे घरातले वडील चिरंजीव, त्यामुळे ही काळजी साहजिकच त्यांच्या डोक्यावर आली.

अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत. लाखो रुपये खर्च होणार, देशोदेशीच्या ब्राह्मणांना बोलावणे जाणार, भरघोस दक्षिणा मिळणार! तिशीच्या घरातील विष्णुभटांनी ठरवले की आपण जायचे. घरातून मात्र सहजासहजी परवानगी मिळेना. त्या काळी आपल्याकडे उत्तरेला नुसते ‘हिंदुस्थान’ म्हणत आणि त्या मुलखाविषयी कोकणातल्या माणसांच्या मनात नाना प्रकारचे भय असे. तिकडे भांगेचे व्यसन लागते, तिकडच्या बायका पुरुषांना भुरळ घालतात, गेलेला मुलगा परत येत नाही, असे वडीलधाऱ्यांना वाटे. अखेर काका रामभट बरोबर जाणार असे ठरले, तेव्हा कुठे आईवडिलांचे मन वळले. अशा रीतीने १८५७ सालच्या आरंभी चुलते-पुतणे वरसईहून निघाले.

हा प्रवास कसा होता याची आज कल्पना करणे कठीण आहे. मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. बोरघाटातून रेल्वे वर चढायला १८६३ साल उजाडावे लागले. म्हणजे कोकणातून पुणे, पुण्याहून नगर, तेथून सातपुडा ओलांडून माळवा, एवढी सारी वाट पायांनीच तुडवायची. सोबतीला कोणी मिळेल त्याच्या बरोबर चालायचे, संध्याकाळी धर्मशाळेत किंवा देवळात उतरायचे, दाणापाणी मिळवून हाताने शिजवायचे, जेवायचे आणि पहाटे पुन्हा चालू लागायचे. अशा चालण्यात वाटेतले गाव नुसते डोळ्यांसमोरून सरकून जात नाही. तेथे पाणी कुठे आहे, दाणे काय भावाने मिळतात, चोराचिलटांचे भय आहे की नाही, गावात कोण मोठा आणि कोण दयाळू, हे सारे विचारल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. आपल्याला आज जी माहिती निरुपयोगी वाटते, ती विष्णुभटांच्या दृष्टीने जीव जगवण्याची सामग्री होती.

महूच्या वाटेवर असतानाच शिपायांच्या तोंडून त्यांच्या कानावर पहिली कुणकुण आली. शिपाई बिघडले आहेत, काडतुसांना लावलेल्या चरबीवरून धर्म बुडण्याची भीती पसरली आहे, इंग्रज सरकारने लोकांच्या धर्मात ढवळाढवळ करणारी कलमे काढली आहेत, अशा त्या वार्ता होत्या. त्यांतल्या सगळ्याच खऱ्या होत्या असे नाही. परंतु त्या वेळी साधी माणसे कशावर विश्वास ठेवत होती, रस्त्यावर काय बोलत होती, हे विष्णुभटांनी ध्यानात ठेवले. सरकारी कागदांत असे बोलणे सहसा सापडत नाही. पुढे लवकरच, १ जुलै १८५७ रोजी, महूच्या छावणीत उठाव झाला.

येथून परत फिरणे सहज शक्य होते. कोणीही शहाणा माणूस तेच करता. पण परत फिरून जायचे कोठे? घरी कर्ज तसेच होते आणि हातात अजून काही पडले नव्हते. दोघे पुढे गेले. उज्जैन झाले, धार झाले, ग्वाल्हेर झाले. मथुरेचा यज्ञ काही त्यांच्या वाट्याला आला नाही. उत्तरेतल्या मराठी संस्थानांतून दानधर्म चाले, अनुष्ठाने होत, मराठी मंडळींच्या घरी उतरायला जागा मिळे. त्या आधाराने हे कोकणी भिक्षुक दिवस काढीत राहिले. जेथे जात तेथे ते पाहुणे म्हणून दोन दिवस राहून निघून जात नसत. कधी कधी आठवडे, कधी महिने त्यांचा मुक्काम पडे. घरात राहिले की घरातली सुखदुःखे कळतात. राजवाड्यातले समारंभ, शहरातल्या चालीरीती, बाजारातल्या वावड्या आणि बायाबापड्यांचे हाल असे सर्व थरांतले जीवन त्यांच्या नजरेखालून गेले.

असेच फिरत ते झाशीस आले. राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाने तेथे धर्मकृत्ये चालत, ब्राह्मणांचा परामर्श घेतला जाई. विष्णुभटांना येथे चांगली दक्षिणाही मिळाली. राणीला त्यांनी जवळून पाहिले. तिचा व्यायाम, घोड्यावर बसणे, पूजाअर्चा, दरबारात बसून न्याय करणे, तिचा पोशाख, तिचे दानशूरपण, हे सारे त्यांनी बारकाईने टिपले आहे. लक्ष्मीबाईंवर पुढे किती पोवाडे, नाटके, कादंबऱ्या झाल्या! पण तिच्या गावात राहून, तिच्या हातची दक्षिणा घेतलेल्या साध्या मराठी माणसाने दिलेली ही हकीकत निराळीच आहे. त्यात राणी तलवार उपसलेल्या पुतळ्यासारखी दिसत नाही. अडचणीत सापडलेले राज्य चालवू पाहणारी, थकणारी, पण मागे न हटणारी एक तरुण बाई म्हणून ती समोर येते.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीला वेढा घातला. तात्या टोपे मदतीला मोठी फौज घेऊन आले, परंतु १ एप्रिलला बेटवा नदीकाठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज सैन्य तट चढून शहरात शिरले. विष्णुभट त्या वेळी शहरातच होते. तोफगोळे घरांवर पडत होते, आगी लागत होत्या, रात्री आकाश लाल होत होते. शहर पडल्यावर कत्तल आणि लूट सुरू झाली. घराघरांतून सैनिक शिरले. आधी सोनेनाणे गेले, मग भांडीकुंडी, मग कपडेलत्ते, शेवटी घरातले दाणेसुद्धा राहिले नाहीत. लपून, उपाशी राहून, मरणाच्या दारात दिवस काढून चुलते-पुतणे कसेबसे वाचले. कर्ज फेडण्यासाठी जपून ठेवलेला पैसा मात्र गेला.

या हाहाकारात विष्णुभटांच्या मनाला आणखी एक गोष्ट फार लागली. झाशीचा ग्रंथसंग्रह मोठा नामांकित होता. त्याची धूळधाण झाली. स्वतःचा पैसा लुटला गेलेला, जिवावर बेतलेला माणूस पुस्तकांसाठी हळहळतो, हे वाचताना मला विशेष वाटले. ज्याच्या घरात पुस्तके वंशपरंपरेने आली त्याला त्याचे कदाचित नवल वाटणार नाही. आमच्यासारख्या, शाळेत मिळालेले पाठ्यपुस्तक हेच घरातले पहिले पुस्तक असणाऱ्यांना मात्र ती हळहळ चटकन समजते.

झाशी सोडून ते काल्पीच्या दिशेने निघाले. त्याच परिसरात एका विहिरीपाशी राणीची आणि त्यांची पुन्हा गाठ पडली. झाशीच्या वाड्यातली ती राणी आता पुरुषी वेषात, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ अशी होती. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे झाले. पण विद्वान ब्राह्मणाला आपल्यासाठी पाणी ओढायला लावणे तिला रुचले नाही. तिने आपल्या हाताने पाणी काढून तहान भागवली. काही घटका थांबून स्वार पुढे निघून गेले. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना तिला मरण आले. विहिरीवरचा हा प्रसंग कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा अधिक चटका लावतो. राज्य गेलेली राणी आणि पैसा गेलेला भिक्षुक, दोघेही रस्त्यावरच आलेले. तरी एकमेकांशी वागण्याची रीत दोघांनीही सोडली नव्हती.

यानंतर खरे तर घरची वाट धरायची. पण इतक्या लांब आलो, पैसा तर राहिला नाही, निदान पुण्य तरी पदरी पाडावे, असा विचार करून विष्णुभटांनी तीर्थे केली. चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी असा तो फेरा झाला. मुलूख उजाड झालेला, ठिकठिकाणी पहारे आणि झडत्या, परक्या माणसाकडे संशयाने पाहण्याचे ते दिवस! कधी हातात थोडे पैसे यावेत आणि वाटेत लुटले जावेत, असे त्यांच्या बाबतीत एकदा नव्हे, अनेकदा घडले. शेवटी गंगेचे पाणी घेऊन, त्याची कावड वाहत ते परतीला लागले. जवळजवळ तीन वर्षांनी ते वरसईस पोहोचले. ते गेले असे समजून घरच्यांनी आशा सोडायची वेळ आली होती. कर्ज फेडण्याइतका पैसा त्यांनी आणला नव्हता. आणली होती गंगा. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. मोठ्या कमाईसाठी निघालेल्या मुलाची खरी कमाई ती एवढीच, असे त्या दिवशी गावाला वाटले असेल.

परंतु कमाई आणखीही होती. ती त्यांच्या डोक्यात होती आणि बाहेर यायला तिला दोन तपे लागली. पुढे इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आलेल्या चिंतामणराव वैद्यांनी या सगळ्या हकिकती ऐकल्या आणि त्या लिहून काढण्याचा आग्रह केला. विष्णुभटांनी १८८३ च्या सुमारास, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, हा प्रवास आठवून आठवून लिहिला. सत्तावनच्या उठावाविषयी उघड लिहिणे इंग्रजी अमलात धोक्याचे होते, म्हणून लिखाण तसेच पडून राहिले. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, वैद्यांनी ते प्रसिद्ध केले. मात्र छापताना त्यांनी भाषेवर संस्कार केले, काही मजकूर वगळला. १९२२ मध्ये मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मूळ संहितेवरून पुस्तक संपादित केले. हिंदीतील थोर लेखक अमृतलाल नागर यांनी त्याचे भाषांतर केले. पुढे ते इंग्रजीतही गेले. वरसईच्या भिक्षुकाचे शब्द असे ज्या मुलखातून तो चालत गेला होता त्या मुलखात पुन्हा पोहोचले.

विष्णुभटांना डोक्यावर घेण्याचा माझा विचार नाही. ते आपल्या काळाचे आणि आपल्या जातीच्या चौकटीतले होते. धर्मशाळेचे दार, मराठी सरदाराच्या घरचे पान, राणीच्या हातची दक्षिणा त्यांना मिळाली ती ते ब्राह्मण होते म्हणून. त्याच रस्त्याने दुसऱ्या जातीचा गरीब चालत गेला असता तर त्याला विहिरीवर पाणी मिळाले असते की नाही याची शंकाच आहे. पाहिलेले आणि ऐकलेले यांची त्यांच्या लिखाणात कधी कधी सरमिसळ होते. चोवीस-पंचवीस वर्षांनी आठवून लिहिताना काही तपशील मागेपुढे झाले आहेत आणि अभ्यासक ते तपासूनच घेतात. पण एवढे सोडले तरी जे उरते ते थोडे नाही. ते राजांच्या बाजूने लिहीत नाहीत आणि इंग्रजांच्या बाजूनेही लिहीत नाहीत. त्यांच्या कथनात उपाशी माणसे आहेत, पळणाऱ्या बायका आहेत, जळणारी घरे आहेत. लढाई कोणी जिंकली यापेक्षा ती लढाई ज्यांच्या दारात झाली त्यांचे काय झाले, हे त्यांच्या नजरेला आधी दिसते.

ही नजर त्यांना कोठून मिळाली? मला वाटते, ती त्यांच्या गरजेतून मिळाली. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला परक्या गावात कोणाची ओळख लागत नाही. विष्णुभटांना लागत होती. भाकरीसाठी, निवाऱ्यासाठी, वाट विचारण्यासाठी त्यांना प्रत्येक ठिकाणी माणसांवर अवलंबून राहावे लागले. म्हणून ते माणसांत मिसळले, त्यांच्याबरोबर भ्याले, त्यांच्याबरोबर उपाशी राहिले. प्रवासाला खोली येते ती अशा राहण्यामुळे. किती ठिकाणे झाली याला मग फारसा अर्थ राहत नाही.

हे चरित्र वाचताना माझे मन सारखे घराकडे जाते, त्याचेही कारण आहे. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो बिऱ्हाडे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवराबायकोचा एक कोयता सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात राबतो. माझे आईवडील त्यांतलेच. शिक्षण तुटू नये म्हणून मला आजीजवळ ठेवून ते जात. माझ्या आईला कृष्णाकाठची गावे माहीत आहेत. कोणत्या गावात पाण्याला नाही म्हणत नाहीत आणि कोणत्या गावात कोप्यांजवळून जाताना लोक तोंड फिरवतात, हे ती सांगू शकते. तिकडची बोली, तिकडचे सण, तिकडच्या बायकांच्या चालीरीती तिने फडातून पाहिल्या आहेत. तीही कर्जासाठीच निघते, विष्णुभटांसारखी. पण तिच्या जाण्याला प्रवास असे कोणी म्हणत नाही. तीही म्हणत नाही. ती म्हणते कारखान्याला जाते.

विष्णुभट आणि माझी आई यांच्यात फरक आहे तो अक्षराचा. पाहणे दोघांचेही खरे आहे, सोसणे दोघांचेही खरे आहे. पण विष्णुभटांना लिहिता येत होते आणि त्यांना लिहा म्हणून सांगणारा एक माणूस भेटला. नाहीतर त्यांचा प्रवासही वरसईच्या ओटीवर चार वर्षे सांगितला गेला असता आणि त्यांच्याबरोबर संपला असता. सत्तावन साली त्या रस्त्यांवरून किती हमाल, किती गाडीवान, किती भिस्ती, किती बायका चालल्या असतील! त्यांनी पाहिलेली झाशी आपल्याला कधीच कळणार नाही.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी पुष्कळ मुले-मुली आहेत की ज्यांच्या घरात त्यांच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. आपल्या घरातली माणसे पोटासाठी दूरदूर जाऊन आली आहेत. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी मुंबई-पुण्याच्या बांधकामावर, कोणी ट्रकवर क्लीनर म्हणून. त्यांनी मुलूख पाहिला आहे. सहलीची वर्गणी भरून स्थळे पाहायला आपण जरूर जावे, त्यात वावगे काही नाही. पण त्याआधी एकदा घरातल्या माणसांजवळ बसून त्यांना विचारावे की तुम्ही कोणत्या वाटेने गेलात, कोणाच्या ओट्यावर उतरलात, काय खाल्लेत, कोणी तुम्हाला पाणी दिले. आणि ते सांगतील तसे, त्यांच्या भाषेत, वहीत उतरवून घ्यावे. चिंतामणराव वैद्यांनी विष्णुभटांना केला तसा आग्रह आपल्या आईबापांना करायला आता आपल्याशिवाय दुसरे कोण येणार आहे?